ओल आणि बुरशी



आपलं यावल सातपुड्याच्या पायथ्याशी. पावसाची झड लागली की धाब्याचं घर ओल धरतं. भिंतीवर काळे-हिरवे डाग पडतात. हीच बुरशी. ओल मिळाली की ती वाढते. ऊन-वारा मिळाला की खुंटते.

आधी पाणी कुठून येते ते पाहा. उघडीप पडताच धाब्याच्या भेगांत खारी माती भरा, चोपून घ्या. पन्हळ मोकळी करा. नाकाला फडके बांधून डाग पुसून काढा. भिंत वाळल्यावरच चुना द्या. ओल्या भिंतीला चुना दिला, तर डाग पुन्हा वर येतात.

आता धान्याचं ऐका. कणगी भिंतीपासून वीतभर दूर, लाकडावर ठेवा. बुरशी आलेला दाणा धुऊन-भाजून खाऊ नका. त्याचे विष शिजवून जात नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या खेड्यांत बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसे काविळीने दगावली. असा दाणा ढोरांनाही घालू नका.

बाळाचे आणि दमेकऱ्याचे अंथरूण ओल्या भिंतीला लावू नका. दाणा गेला तर पुन्हा पिकेल. माणूस कुठून आणाल?