पहारेकरी बदलायचा असतो

मी निवृत्त फौजी अधिकारी, मूळचा अहमदनगरचा. पत्नीचं माहेर तंजावरजवळच्या एका खेड्यातलं, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही इथं कावेरीच्या मुलखात राहायला आलो.

फौजेत पहारेकरी ठरल्या वेळी बदलतात. "मी थकलो नाही, साहेब" असं तो म्हणाला तरी बदलतात. थकलेल्या माणसाला आपला थकवा सगळ्यांत शेवटी कळतो. हा नियम मी नोकरीभर पाळला आणि चर्चमध्ये आल्यावर विसरलो.

आमच्या छोट्या चर्चचं सगळं काम पाच-सहा माणसांवर. हिशेब, डागडुजी, आजाऱ्यांच्या भेटी मी घेतल्या. निवृत्तीनंतर सलाम कोण करणार? पण इथं कुणी म्हणालं, "साहेब आहेत म्हणून चर्च चालतंय," की छाती फुगायची. त्या वाक्यासाठी मी कशालाच नाही म्हणत नव्हतो. एका तरुण शेतकऱ्यालाही मी सोबत ओढलं. तोही कधी नाही म्हणाला नाही.

डिसेंबरात इथं सांबा हंगामाचं भात शेतात उभं असतं आणि पाऊसही असतो. एका नाताळाआधी त्याच्या शेतात पाणी तुंबलं. चर खणायच्या वेळी तो चर्चचा मांडव घालत होता, कारण मी बोलावलं होतं. पीक आडवं झालं.

जानेवारीत त्यानं येणंच बंद केलं. मी घरी गेलो. तो म्हणाला, "सर, नाही म्हटलं तर तुम्ही नाराज व्हाल, लोक माझी भक्ती कमी झाली म्हणतील, याची भीती होती. आता प्रार्थनासुद्धा कामासारखी वाटते." मला उत्तर सुचलं नाही.

बायबलमध्ये, निर्गमच्या 18व्या अध्यायात, मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसतो. सासरा इथ्रो त्याला बजावतो की अशानं तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. फौजी माणसाला यापेक्षा सोपं करून काय सांगायचं!

मग आम्ही ठरवलं: प्रत्येक कामाला दोन माणसं, मुदत एक वर्ष. पेरणी-कापणीत शेतकऱ्याला न मागता सुट्टी. कुणी नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही. मी हिशेब सोडला. महिनाभर कुणाचं काही अडलं नाही, आणि मला ते लागलं. मी कशासाठी राबत होतो, ते तेव्हा कळलं.

तुम्हीही स्वतःला विचारा: कुणाला कळलंच नाही, तरी मी हे काम करीन का?

तंजावरच्या जुन्या ख्रिस्त चर्चमध्ये सरफोजी महाराजांनी करवून घेतलेलं संगमरवरी शिल्प आहे. 1798 मध्ये वारलेले मिशनरी श्वार्ट्झ शेवटच्या खाटेवर आहेत आणि राजे त्यांचा हात धरून उभे आहेत. श्वार्ट्झनी शाळा काढल्या, राजकारणात मध्यस्थी केली. राजांनी दगडात कोरून घेतलं ते मात्र नातं.

तो तरुण आता रविवारी येतो, बायकोमुलांसोबत मागच्या बाकावर बसतो. त्याच्याकडे कोणतंच काम नाही. भेटला की मी फक्त विचारतो, "भात कसं आहे?"