साडेपाच तासांची चूक

शाळेचे वेळापत्रक ज्याने एकदा तरी तयार केले आहे, त्यालाच त्या कामातील मेख ठाऊक असते. बारा वर्ग, दहा शिक्षक आणि दिवसाचे आठ तास. चित्रकलेचे मास्तर एकाच वेळी दोन वर्गांत असता कामा नयेत, आणि गणिताचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर पडता कामा नये. हे कोडे मी दर जून महिन्यात, सलग पंचवीस वर्षे सोडवीत आलो. तेव्हा निवृत्तीनंतर मुलुंडच्या आमच्या घरी दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक संगणकावर मांडण्याचा योग आला, त्या वेळी मला वाटले की हा तर आपल्या डाव्या हाताचा मळ. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, संगणकाची विद्या तर पेन्शनीत शिकलेली; परंतु वेळापत्रक म्हणजे अखेर वेळापत्रकच, असा माझा समज होता. तो कसा उतरला, ते आज सांगावयाचे आहे.

श्रोतेहो, आपणांपैकी जे माझ्या वयाचे असतील त्यांना आठवत असेल, एके काळी या गोष्टीची गरजच नव्हती. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, आणि घाटकोपरच्या आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडी संच होता. केंद्र एक आणि तेही संध्याकाळचे थोडे तास चालणारे. कोणत्या वारी काय लागते हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असे. नभोवाणीची गोष्ट त्याहून व्यवस्थित होती. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी निघाले, त्याच महिन्यात ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे कार्यक्रमपत्रकही निघाले. पुढे १९३५ मध्ये त्याचे नाव ‘इंडियन लिसनर’ झाले आणि १९५८ मध्ये ‘आकाशवाणी’. म्हणजे ऐकणाऱ्याच्या हाती आगाऊ पत्रक असले पाहिजे, ही जाणीव पहिल्या दिवसापासून होती. दूरचित्रवाणीच्या बाबतीत मात्र केबल आली, वाहिन्या दहाच्या शंभर झाल्या, आणि ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत प्रत्येक केबलवाल्या घरी संचाजवळ एक पेटी बसली. पत्रक त्या पेटीत गेले. आता ते पडद्यावर दिसते, मुंगीएवढ्या अक्षरांत.

या मुंगीएवढ्या अक्षरांनीच आमच्या घरचे प्रकरण सुरू झाले. माझी थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो, आमच्याकडेच राहते. तिचे वय ऐंशीच्या पुढे. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, दुसऱ्याने ठळक तेवढे दिसते. रिमोटवरच्या चाळीस कळा तिला सारख्याच. मेव्हणे जाऊन बावीस वर्षे झाली. ते तबला वाजवीत. नाव झालेले नव्हते, पण साथीला विश्वासाचे म्हणून गायक मंडळी त्यांना बोलवीत. अशाच एका मैफलीचे जुने चित्रीकरण एक वाहिनी पुन्हा दाखविणार असल्याचे समजले. मेव्हण्यांची छायाचित्रे घरी आहेत. हलते चित्र मात्र एकही नाही. आक्का मला म्हणाली, “अरे, ते केव्हा लागतं ते मला नीट सांगशील ना?”

मुलगा पुण्यास गेला तेव्हा त्याचा जुना संगणक घरी राहिला होता. घाटकोपरला माझा एक जुना विद्यार्थी संगणकदुरुस्तीचे दुकान चालवितो. त्याने त्याला प्रक्षेपण ग्रहण करणारा एक लहानसा ट्यूनर जोडून दिला आणि टीव्हीहेडएंड नावाची आज्ञावली फुकटात बसवून दिली. गच्चीवर डिशची छत्री लावली. आमच्या गच्चीवरून विनामूल्य वाहिन्यांचा उपग्रह आग्नेयेस, ठाण्याच्या खाडीच्या अंगाला, क्षितिजापासून सुमारे सत्तावन्न अंशांवर येतो. पूर्वेच्या नव्या इमारती अजून तेवढ्या उंच झालेल्या नाहीत, हे आमचे भाग्य.

आता वेळापत्रक येते कोठून? आपण उपनगरांत राहणारी माणसे, तेव्हा रेल्वेचाच दृष्टांत देतो. वरून येणारा प्रवाह ही एक अखंड मालगाडी समजा. प्रत्येक डबा बरोबर १८८ बाइटांचा, आणि प्रत्येकावर आपापला क्रमांक. काही डब्यांत चित्र, काहींत आवाज. अठरा क्रमांकाच्या डब्यांत मात्र केवळ कार्यक्रमांची नावे आणि वेळा असतात. संगणक ते डबे बाजूस काढतो, उघडतो आणि पडद्यावर तक्ता मांडतो. काही वाहिन्या त्यांत पुढचे कित्येक दिवस भरून पाठवितात, काही आत्ताचा आणि नंतरचा एवढेच सांगतात, आणि काहींचे डबे आमच्याकडे रिकामेच आले. नेमकी मैफलीची वाहिनी या रिकाम्यांपैकी निघाली.

त्यावर उपाय आहे. आपणच एक पत्रक टंकून संगणकास द्यावयाचे. त्याची एक ठरलेली रीत आहे, तिला एक्सएमएलटीव्ही म्हणतात. प्रत्येक कार्यक्रमास एक ओळ, तीत वाहिनीची खूण, नाव, आरंभाची वेळ आणि शेवटची वेळ. वेळ लिहावयाची चौदा अंकी: चार वर्षाचे, दोन महिन्याचे, दोन दिवसाचे, मग तास, मिनिट, सेकंद प्रत्येकी दोन. मध्ये जागा नाही, टिंब नाही. मला ही शिस्त फार आवडली. वाहिनीने स्वतः जाहीर केलेल्या वेळा मी वहीत उतरवून घेतल्या आणि दोन रात्री बसून आठवड्याचे पत्रक पुरे केले.

पहिल्या दिवशी संगणकाने सगळेच्या सगळे पत्रक नाकारले. तीनशे ओळी, आणि एकही घेतली नाही. शोधता शोधता कळले की एका कार्यक्रमाच्या नावात ‘आणि’ऐवजी इंग्रजीतले ते वेटोळे चिन्ह मी टंकले होते. त्या चिन्हाला या लिपीत निराळा अर्थ असतो. ते तसेच लिहिले की पुढचे सारे वाचन खुंटते. माझ्या नोकरीच्या काळात एका शुद्धलेखनाच्या चुकीसाठी आख्खी उत्तरपत्रिका फेकून देणारा परीक्षक मला भेटला नव्हता. तो उतारवयात भेटला. चिन्ह काढून ‘आणि’ लिहिले, आणि तक्ता झळकला. मी तो मोठ्या ठळक अक्षरांत छापून आक्काच्या खोलीत लावला.

मैफल होती रविवारी दुपारी दोनला. त्याच दिवशी डोंबिवलीस नात्यातले लग्न निघाले. आक्काची जाण्याची इच्छा नव्हती. मी तिला सांगितले की संगणकाला आज्ञा दिली की तो आपण होऊन सारे टिपून ठेवतो. तिने दोनदा विचारले, “तू त्याला नीट सांगितलं आहेस ना?” मी तक्त्यातले मैफलीचे नाव काढले, टिपण्याची कळ दाबली, आणि लाल खूण उमटली ती तिला दाखविली. नावाशेजारी वेळ लिहिलेली होती. ती मी वाचली नाही. वहीत लिहिणारा मी, टंकणारा मी, वाचावयाचे काय?

रात्री आठ वाजून गेल्यावर परत आलो. आक्का लुगडेही न बदलता संचासमोर बसली. मी टिपलेला भाग लावला. पडद्यावर एक बाई कणीक मळीत होत्या. पुढे नेले, मागे नेले. कणकेची पोळी झाली, गायक काही येईनात. आक्का थोडा वेळ बसली, मग म्हणाली, “असू दे, दमला असशील,” आणि आत गेली. मला रागावली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी दोष शोधण्यास बसलो आणि जाणकारीच्या भरात भलतेच करून बसलो. संगणकाचे घड्याळ चुकले असावे असा तर्क केला. आतील गुंडीएवढी बॅटरी मरते तेव्हा तसे होते, हे वाचले होते. ती बदलली. घड्याळ मुळात बरोबरच होते, ते बरोबरच राहिले. शिवाय इतर वाहिन्यांच्या वेळा तर बिनचूक दिसत होत्या! चूक माझ्याच ओळींत होती, आणि प्रत्येक ओळीत सारखी: दोनची मैफल साडेसातला, सकाळचे साडेसहाचे भजन दुपारी बाराला. साडेसात ही वेळ मैफलीला इतकी साजेशी, की पाहिली असती तरी कदाचित खटकली नसती.

शेवटी विद्यार्थ्याला बोलावले. त्याने पत्रक पाहिले आणि तो हसू आवरीत म्हणाला, “सर, उत्तरात एकक लिहिलं नाही, तर तुम्ही अर्धा गुण कापत होता. आठवतं?”

एकक म्हणजे काय, तर चौदा अंकांनंतर एक जागा सोडून अधिक चिन्ह आणि ०५३० असे चार अंक लिहावयाचे. ग्रीनिचच्या पुढे पाच तास तीस मिनिटे, असा त्याचा अर्थ. ते न लिहिल्यास संगणकाने ती वेळ जागतिक, म्हणजे ग्रीनिचची समजावी, असा त्या रीतीचा नियमच आहे. माझ्या ‘दोन’मध्ये त्याने इमानेइतबारे साडेपाच मिळविले आणि साडेसात केले. संगणकाचे गणित बरोबर, उदाहरण अपुरे. अठरा क्रमांकाच्या डब्यांतील वेळा मुळात जागतिक घड्याळाच्याच असतात, म्हणून त्या बरोबर उतरत होत्या. तेथील तारीखही आपल्यासारखी नसते. १७ नोव्हेंबर १८५८ हा दिवस शून्य धरून तेव्हापासूनचे दिवस मोजून लिहितात. मी लगेच कागद घेऊन हिशेब केला. मुंबई दूरदर्शनचा पहिला दिवस त्या गणतीने ४१,५९२ वा येतो. शिक्षकाची खोड, दुसरे काय.

पण कोणाच्या घड्याळाने, हा प्रश्न मुंबईकराला तरी नवा वाटू नये. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची एक वेळ देशाला लावण्यात आली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ चार तास एकावन्न मिनिटे पुढची होती. दोहोंत एकोणचाळीस मिनिटांचे अंतर. मुंबईने हट्टाने आपली वेळ जपली, आणि १९५५ पर्यंत ती या शहरात नांदत होती. आमचे वडील सांगत की लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ ही अक्षरे पाहिल्याखेरीज घराबाहेर पडू नये. नाही तर अक्षता पडून पंगत बसलेली असावयाची. ही दोन अक्षरे म्हणजेच माझे ते विसरलेले चार अंक. लहानपणी त्या गोष्टीला मी पोट धरून हसलो होतो.

तीनशे ओळींना प्रत्येकी दोनदा एकक जोडले. विद्यार्थी म्हणाला की एका आज्ञेत सारे बदलता येईल. मी हातानेच केले. चूक केल्यावर मुलांना ती ओळ पुन्हा पुन्हा लिहावयास लावीत असे, तर आपणास सूट कशी द्यावी?

पाच आठवड्यांनी ती मैफल पुन्हा लागली. या वेळी आम्ही कोणत्याही लग्नाला गेलो नाही. संगणक टिपीत होता, आणि आम्ही दोघे दोनच्या आधी पंधरा मिनिटांपासून संचासमोर बसलो होतो. तासाभराच्या कार्यक्रमात कॅमेरा गायकावरच. मेव्हणे दिसले ते त्यांच्या खांद्याआडून, सारे मिळून पाऊण मिनिट, आणि त्यांतही निम्मा वेळ नुसते हात. आक्का पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली होती. चेहरा तिला कितपत दिसला, मी विचारले नाही. “डग्गा सैल आहे,” एवढेच ती म्हणाली.

आता ते चित्रण संगणकात आहे. हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा लावता येते. हे मी तिला अनेक वार समजावून सांगितले. ती मान हलविते, आणि शनिवारी रात्री हटकून विचारते, “उद्या किती वाजता लागतं रे ते?” म्हणून तिच्या खोलीतल्या ठळक अक्षरांच्या तक्त्यात मी रविवारच्या रकान्यात एक ओळ कायमची घातली आहे: मैफल, दुपारी दोन. आणि त्यापुढे, माझ्या समाधानासाठी, ‘स्टँ. टा.’