वाऱ्याचे साहाय्य
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कोलकात्याच्या गच्च्यागच्च्यांवरून उठणारा ‘भो काट्टा’चा गजर आपल्या परिचयाचा आहे. आपल्याकडे पतंग मकर संक्रांतीला, येथे भाद्र संक्रांतीला. आपली फिरकी ती येथली लाटाई. याच पतंगाच्या बळावर ध्रुवप्रदेशातील हिमपठारे ओलांडणाऱ्यांविषयी आज आम्ही बोलणार आहोत. आम्ही तेथे गेलेलो नाही. सरकारी प्रवासभत्त्यात दक्षिण ध्रुव बसत नाही! ज्याचे मुख्यालय येथे चौरंगीवर आहे, त्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ मात्र १९८१ साली गोव्याहून निघालेल्या पहिल्या भारतीय मोहिमेपासून अंटार्क्टिकाला जात आले आहेत.

अंटार्क्टिका व ग्रीनलँड येथील बर्फ पालथ्या परातीसारखा आहे. मध्ये उंच, कडेला उतरता. थंड हवा जड असल्याने ती या उतारावरून किनाऱ्याकडे वाहते. प्रवाशाच्या पायांत स्की, म्हणजे लांब, अरुंद पट्ट्या. मागे सामानाची घसरगाडी. पुढे लांब दोऱ्यांवर कापडी पतंग. वारा मंद असेल तर मोठा पतंग, जोराचा असेल तर लहान. वाऱ्याने कोरलेल्या बर्फाच्या टणक वरंब्यांवर पाय अडखळला, तर तोच पतंग माणसाला फरफटत नेतो. म्हणून वाऱ्याची ओढ घेण्याइतकेच ती क्षणात सोडून देणेही यावे लागते.

ही युक्ती जुनी आहे. १८८८ साली नॉर्वेच्या नान्सेनने पाच सोबत्यांसह ग्रीनलँड पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडले, तेव्हा अनुकूल वाऱ्यात घसरगाड्यांवर शिडे उभारली होती. त्याचाच देशबंधू बोर्गे आउसलँड याने १९९६-९७ मध्ये ६४ दिवसांत सुमारे २,८४५ किलोमीटर चालून एकट्याने अंटार्क्टिका पार केले. वारा मिळाला तेथे त्याने शीड वापरले. न मिळाला तेथे ओझे स्वतः ओढले.

पुढे २०१८ साली अमेरिकेच्या कॉलिन ओब्रेडीने पतंगाशिवाय, ५४ दिवसांत, सुमारे १,५०० किलोमीटरचा मार्ग पुरा केला आणि ‘कोणाच्याही साहाय्यावाचून’ असे जाहीर केले. जाणकारांनी हरकत घेतली. ध्रुवापासून पुढची त्याची वाट वाहनांसाठी सपाट केलेली व निशाणे रोवलेली होती. तिला साहाय्य का म्हणू नये?

वाऱ्याची मदत घेतली म्हणून पराक्रम उणा होतो काय? फायलींत हयात गेलेल्या आम्हांस वाटते की, नोंद वेगळी असावी, पण ती कमी प्रतीची समजू नये. साहाय्य घेण्यात दोष नाही. ते नोंदीतून गाळण्यात आहे.

हा दोष आमच्याही पदरी आहे. बदली होऊन येथे आलो, त्या वर्षी आमच्या सौभाग्यवती रुग्णालयात होत्या व मुले लहान होती. मंडळाचे कार्यकर्ते विचारावयास आले, तेव्हा ‘आमचे आम्ही पाहू’ असे सांगून आम्ही त्यांची बोळवण केली. दुसऱ्या दिवशी याच मंडळातील एक काकू न विचारता पोळीभाजीचा डबा घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. अठरा दिवस डबा येत राहिला. आम्ही रिकामा डबा परत करीत असू, तोही शरमेने, मान खाली घालून. पुढे कार्यालयात मात्र, ‘परमुलखात एकट्याच्या हिमतीवर संसार सावरला,’ असे सांगत फिरलो.

काकू आज हयात नाहीत. त्या अठरा डब्यांची नोंद आम्ही आजवर कोठेही केली नव्हती. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात ती व्हावी, एवढ्यासाठीच ध्रुवापर्यंतचा हा फेरा घेतला.