सैल सोडण्याची विद्या

(संस्थेच्या वार्षिक सभेत मानसोपचार व समुपदेशन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सभेत दरवर्षी नव्या यंत्रसामग्रीची माहिती दिली जाते आणि ती दिलीच पाहिजे. कारण ती सामग्री आपल्या दातृत्वातून उभी राहते. आमच्या विभागाकडे मात्र दाखविण्याजोगे यंत्र नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या मागील बाजूस एक खोली आहे. तीत सहा सतरंज्या, भिंतीवर एक घड्याळ आणि एक पंखा आहे. त्या खोलीत नेमके काय चालते ते सभेपुढे मांडावे, अशी विश्वस्त मंडळाची सूचना झाली, म्हणून आम्ही आपल्यासमोर उभे आहोत.

प्रारंभ आमच्याच एका चुकीपासून करणे योग्य होईल. छातीत धडधड, मानेवर ओझे, पोटात गोळा, पहाटे अकारण येणारी जाग अशा तक्रारी घेऊन अनेकजण आपल्याकडे येतात. कार्डिओग्राम निघतो, रक्त तपासले जाते, थायरॉइड पाहिले जाते. सारे अहवाल चांगले आले की आम्ही मोठ्या समाधानाने सांगत असू, "तुम्हाला काहीही झालेले नाही." एकदा एका प्रौढ भगिनींनी अहवालांची पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारले, "काही झालेलं नाही, तर मग हे दुखतंय ते कोणाचं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते वाक्य आम्ही त्या दिवसापासून वर्ज्य केले.

त्या भगिनींना जे झाले होते, ते खरेच शरीरात झाले होते. वाटेत साप दिसला की माणसाचे स्नायू आवळतात, श्वास वर चढतो, हृदय जोराने धावू लागते. हे निसर्गाने दिलेले संरक्षण आहे. साप निघून गेला की ते आपोआप ओसरते. परंतु कर्जाचा हप्ता, मुलीचे रखडलेले लग्न, पतीचे आठवड्यातून दोनदा होणारे डायलिसिस हे साप वाटेतून निघून जात नाहीत. शरीराला साप आणि हप्ता यांतला भेद कळत नाही. ते आवळलेलेच राहते. जबडा मिटलेला, खांदे कानांकडे ओढलेले, मुठी वळलेल्या, पोट आत घेतलेले अशा स्थितीत माणूस महिनोन् महिने वावरतो आणि ती स्थिती हाच आपला स्वभाव आहे, असे समजू लागतो. आवळलेले शरीर मनाला सतत सांगत राहते की धोका जवळच आहे. मन ते ऐकते, अधिक भिते आणि शरीर आणखी आवळते.

हे चक्र शरीराच्या बाजूने तोडता येते, हे पाश्चात्त्य वैद्यकात प्रथम पद्धतशीरपणे मांडले ते अमेरिकेतील डॉ. एडमंड जेकबसन यांनी. १९०८ साली हार्वर्ड येथे त्यांनी या अभ्यासास आरंभ केला आणि पुढे शिकागोत तो वाढवून १९२९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्नायूंतील अतिसूक्ष्म विद्युत्‌प्रवाह मोजून त्यांनी दाखविले की, माणूस अंथरुणावर निपचित पडलेला असला तरी त्याचे स्नायू पुष्कळदा काम करीतच असतात. पडणे आणि सैल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या व्हरांड्यात रात्री चटईवर झोपलेल्या नातेवाइकांच्या वळलेल्या मुठी ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना यासाठी यंत्राची साक्ष नको.

जेकबसन यांची मूळ पद्धत फार दीर्घ होती. नंतरच्या चिकित्सकांनी ती आटोपशीर केली. आमच्या खोलीत तीच शिकविली जाते. एक मूठ पाच ते सात सेकंद घट्ट आवळायची, तो ताण नीट अनुभवायचा आणि मग एकदम सोडून द्यायची. पुढची वीस सेकंद काहीही करायचे नाही. हातात उतरणारा जडपणा आणि ऊब फक्त जाणायची. मग दुसरी मूठ, दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. आधी आवळायचे कशासाठी, असे पुष्कळ जण विचारतात. ज्याला आपण आवळलेले आहोत हेच ठाऊक नाही, त्याला सैल म्हणजे काय ते कसे कळणार? (नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा हर्नियाचा त्रास असणाऱ्यांनी तो भाग आवळू नये; नुसता सोडावा.)

आपल्या परंपरेत शवासन आहेच. हठप्रदीपिकेत ते थकवा घालविणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे म्हणून सांगितले आहे. दुर्दैवाने आज त्याला वर्गाच्या शेवटची डुलकी एवढीच किंमत उरली आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध केले. काहींचा रक्तदाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली, तर काहींना विशेष उपयोग झाला नाही. हे शेवटचे वाक्यही त्यांनी लपविले नाही, म्हणून त्या कामाविषयी आम्हांला अधिक आदर वाटतो.

श्वासाविषयी थोडक्यात सांगतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून खोल श्वास घेण्याचा अट्टहास नको. सोडण्याला अधिक वेळ द्यावा. चार अंक मोजून घ्यावा, सहा मोजून सोडावा, एवढे पुरे.

आता मनाच्या ताणाकडे येऊ. आपल्या समाजात त्यावर एकच औषध सर्रास दिले जाते: "टेन्शन घेऊ नकोस." हे औषध आजवर कोणाला लागू पडल्याचे आम्ही पाहिलेले नाही. एक वृद्ध गृहस्थ सतरंजीवर आडवे झाले होते आणि त्यांचे चिरंजीव उशाशी उभे राहून दर अर्ध्या मिनिटाला सांगत होते, "बाबा, रिलॅक्स व्हा! बाबा, रिलॅक्स व्हा!" बाबांच्या कपाळावरच्या आठ्या वाढतच चालल्या. आमच्या समुपदेशक ताईंनी चिरंजीवांना विनंती केली की, आपणही शेजारच्या सतरंजीवर पडावे. दहा मिनिटांत ते घोरू लागले. मातोश्री अतिदक्षता विभागात असल्याने गेल्या अकरा रात्री ते बाकावर बसून होते. वडिलांनी मान वळवून मुलाकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "झोपू द्या त्याला." त्या दिवशी सैल झालेले कपाळ आम्ही प्रथम पाहिले, ते त्या वेळी.

काळजी करू नका, असे आम्ही सांगत नाही. तिला वेळ नेमून द्या, असे सांगतो. सायंकाळी ठरावीक जागी, ठरावीक अर्धा तास वही घेऊन बसावे. दिवसभरात काळजी डोकावली तर एका शब्दात टिपून तिला सायंकाळवर ढकलावे. त्या अर्ध्या तासात दोन रकाने करावेत: ज्याबाबत उद्या काही करता येईल ते एकीकडे, येणार नाही ते दुसरीकडे. सायंकाळ होईपर्यंत सकाळच्या कित्येक काळज्यांची धार गेलेली असते, असा आमच्या रुग्णांचा अनुभव आहे.

भावनांचा ताण हा सर्वांत अवघड. आपल्याकडे तो मोकळा करण्याची साधने नव्हती, असे नाही. पहाटे जात्यावर बसलेली स्त्री सासर, माहेर, सोसलेले बोल आणि गेलेले लेकरू ओवीतून जात्यालाच सांगत असे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. विजेची गिरणी आली आणि बाईचे कष्ट वाचले, ही आनंदाचीच गोष्ट. पण ते बोलणे कोठे गेले, हे कोणी विचारले नाही. आमच्याकडे येणारे पुरुष तर मुळातच बोलत नाहीत. त्यांची पाठ दुखते.

मोकळे होणे म्हणजे आदळआपट करणे नव्हे. राग उशीवर काढल्याने तो शमत नाही, बहुधा पेटता राहतो. उलट घडलेले आणि वाटलेले शब्दांत मांडल्याने हलके वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहावयास लावले. पुढील महिन्यांत त्या विद्यार्थ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या प्रयोगांत हा लाभ बेताचाच आढळला, हेही सांगितले पाहिजे. पण वही आणि पेन यांचा खर्च तो किती!

येथे एक भेद स्पष्ट करतो. चिंतेत तार ताणलेली असते, म्हणून ती सैल करणे उपयोगी पडते. नैराश्यात तारच उतरून गेलेली असते. अशा व्यक्तीस डोळे मिटून पडावयास सांगितले, तर ती त्याच काळ्या विचारांचे रवंथ करीत राहते. २००८ सालच्या कॉक्रेन आढाव्यात असे दिसले की, नैराश्यात शिथिलीकरण काहीच न करण्यापेक्षा बरे, परंतु विचार व वर्तन यांवरील मानसोपचारापेक्षा कमी प्रभावी आहे. तेथे हालचाल आधी हवी. गोव्यात संगाथ संस्थेने प्रशिक्षित केलेल्या, डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठकी घेतल्या. सोडून दिलेली छोटी छोटी कामे, भेटीगाठी, फिरणे पुन्हा सुरू करणे हा त्यांचा गाभा होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांतील शंभरात ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते; केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ होते.

कुटुंबीयांना एक कळकळीची विनंती. घरातले माणूस खातपीत नसेल, झोपत नसेल, "माझ्यावाचून तुमचं बरं होईल" असे म्हणू लागले असेल, तर सतरंजी आणि श्वास यांत दिवस घालवू नका. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा. २०२२ सालापासून शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तसेच बरे वाटू लागले म्हणून औषधे आपल्या मनाने थांबवू नका. खोलीतील शिक्षण औषधांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

आणि आता ज्यासाठी संकोच वाटतो तो विषय. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. समुपदेशक ताईंनी एखाद्या भगिनीजवळ शांतपणे बसून घालविलेल्या तासावर पाटी लागत नाही. पण हे शिक्षण एका बैठकीत होत नाही. सुरुवातीला काहींना सैल होताना उलट भीतीच वाटते. सवयीचा पहारा उठल्यासारखे होते. अशा वेळी जवळ माणूस लागतो, आणि तोही घाईत नसलेला. आमच्या ताई दोनच आहेत आणि सहा सतरंज्यांसाठी बाहेर बाकांवर माणसे वाट पाहत असतात. तिसऱ्या ताईंचे वर्षभराचे मानधन कोणी उचलावे, एवढेच मागणे आम्ही सभेपुढे ठेवतो.

ज्या भगिनींच्या प्रश्नाने आम्ही हे भाषण सुरू केले, त्या आजही अधूनमधून येतात. मान अजून दुखते, पण आता ती कधी आवळली जाते हे आपल्याला आधी कळते, असे त्या सांगतात. दुकानाचा हिशेब लिहिताना दर पानाला त्या खांदे खाली सोडतात.

चहा बाहेर मांडलेला आहे. त्याआधी दोन मिनिटे आपण सर्वांनी हातातील अहवाल मांडीवर ठेवावेत आणि दोन्ही मुठी घट्ट आवळाव्यात. अध्यक्ष महोदय, आपणही. घट्ट, आणखी घट्ट. आता सोडा.