अर्ध्या थेंबाचा हिशेब



टेस्ट बेंचवर आयुष्य काढलेल्या माणसाला तुम्ही अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आभार थोडक्यात मानतो, कारण वेळ दुसऱ्याच विषयाला द्यायचा आहे. अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या अडचणींचा पाढा वाचायची रीत आहे. मीही वाचणार आहे, पण शेवटी, आणि एकाच अडचणीचा. त्याआधी एक जुना प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. डिझेल इंजिन १८९७ साली जगापुढे आलं आणि आपण ज्यावर पोट भरतो तो पंप १९२७ साली बाजारात आला. मधली तीस वर्षं हे इंजिन काय करत होतं?

आधी कामाचं माप घेऊ. विहिरीवरचं पाच अश्वशक्तीचं, एका सिलिंडरचं, मिनिटाला १५०० फेरे मारणारं इंजिन. पूर्ण भारावर ते तासाला साधारण किलोभर डिझेल पितं. फोर-स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एक फवारा, म्हणजे तासाला ४५,००० फवारे. भागाकार केला की एका फवाऱ्याच्या वाट्याला २२ मिलिग्रॅम येतात, पाण्याच्या साध्या थेंबाच्या निम्म्याच्या आसपास. हा अर्धा थेंब आत सोडायला क्रँकचे २० अंश धरले, तर सेकंदाचा साडेचारशेवा भाग मिळतो. तेवढ्या वेळात, आत तीस-पस्तीस वातावरणांचा दाब असताना, तेल मोजून, वेळेवर आणि बारीक तुषार करून आत गेलं पाहिजे, आणि शेवटी नोझलच्या टोकाला काही लोंबकळता कामा नये. लोंबकळलं तर काय होतं, हे या सभागृहात सांगायची गरज नाही.

म्हणजे कामं तीन आहेत: मोजणं, वेळ साधणं, फोडणं. इंजेक्शनचा सगळा सुरुवातीचा इतिहास मला असा दिसतो की ही तीन कामं कोणी कोणाच्या गळ्यात घालायची, यावर चाललेला तो वाद आहे. पुस्तकांत तो दाबाचा इतिहास म्हणून येतो. मला ते पटत नाही.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ साली अर्ज केला आणि १८९३ साली पेटंट मिळवलं. इंधन म्हणून कोळशाची भुकटीसुद्धा त्यांच्या डोळ्यांसमोर होती. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्यात पहिल्या इंजिनात पेट्रोल सोडलं, तेव्हा दाब ८० वातावरणांच्या घरात उसळला आणि दाब मोजणारा इंडिकेटरच फुटून उडाला. ठिणगी न देता इंधन पेटतं, एवढं त्या स्फोटाने सिद्ध केलं. इंजिन स्वतःच्या बळावर पहिल्यांदा फिरलं ते १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, मिनिटाला ८८ फेऱ्यांच्या गतीने, जेमतेम एक मिनिट.

नुसत्या पंपाने तेल आत ढकलायचा मार्ग डिझेल यांना साधला नाही. दाब देऊ शकेल, गळणार नाही आणि इतकं थोडं मोजू शकेल, असा पंप बनवणारं यंत्रकाम तेव्हा नव्हतं. मग त्यांनी हवा कामाला लावली. डिझेल हे म्युनिकला कार्ल फॉन लिंडे यांचे विद्यार्थी, आणि पुढे त्यांच्याच शीतकरणाच्या व्यवसायात अनेक वर्षं नोकरीला. कंप्रेसर हे त्यांचं रोजचं यंत्र होतं. अडलेल्या माणसाने हाताशी असलेल्या गोष्टीकडे वळावं, तसे ते वळले असावेत. हा माझा तर्क आहे.

या हवेच्या पद्धतीची व्यवस्था नीट बघा, कारण तिला मागासलेली म्हणायची आपल्याला सवय आहे. पंप मोजलेलं तेल सुई-व्हॉल्व्हच्या भोवतीच्या जागेत नेऊन ठेवतो. त्याला घाई नाही. पुढच्या फवाऱ्यापर्यंतचा सगळा वेळ त्याच्या हाताशी आहे. वेळ आली की कॅम सुई उचलतो. मागे साठ-सत्तर वातावरणांच्या दाबाची हवा टपलेली असते; ती भोकांच्या चकत्यांमधून तेल फाडत सिलिंडरमध्ये घुसते. मोजणं पंपाकडे, वेळ कॅमकडे, फोडणं हवेकडे. तिघांना एकेकच काम, म्हणून तिघांनाही ते जमलं. ज्वलन तर इतकं स्वच्छ की डांबरापासून काढलेली जडशीळ तेलंही त्यात जळत. पंपाने थेट मारलेल्या फवाऱ्याला ही सफाई पुढे बरीच वर्षं आली नाही.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी इंजिनाची जाहीर चाचणी घेतली. २५० मिलिमीटर बोअर, ४०० मिलिमीटर स्ट्रोक, वीसएक अश्वशक्ती, आणि कार्यक्षमता २६.२ टक्के. सर्वसाधारण वाफेची यंत्रं याच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हती. एका फवाऱ्यात तिथे अदमासे पाऊण-एक ग्रॅम तेल जात होतं, आपल्या विहिरीवरच्या इंजिनाच्या पस्तीस-चाळीस पट. मोजायला सोपं होतं ते यामुळेही.

पण बिल हवेच्या नावावर फाटत होतं. कंप्रेसर इंजिनाच्या ताकदीचा साधारण दहावा हिस्सा खाई. त्याचे टप्पे, टप्प्यांमधले कूलर, बाटल्या, पाइप, वजन वेगळंच. कंप्रेसरमध्ये वंगणाच्या तेलाची वाफ जमली की स्फोटाची भीती. भार कमी झाला की हवेचा दाबही उतरवावा लागे. नाहीतर थोड्याशा तेलामागे भरमसाट हवा आत येई, पसरताना गार पडे आणि इंजिन चुके. पहिलं विकलेलं इंजिन १८९८ साली केम्प्टेनच्या काडेपेटीच्या कारखान्यात गेलं, दोन सिलिंडरचं, ६० अश्वशक्तीचं, आणि तिथे त्याने भरपूर त्रास दिला. तेल फोडायला सुरुवातीला तारेची जाळी होती, तिच्या जागी भोकांच्या चकत्या आल्या. आपल्या धंद्याचा पहिला ‘सर्व्हिस कॉल’ मी केम्प्टेनचाच मानतो.

बोटीवर आणि वीजघरात हे वजन चालून गेलं. १९१२ साली कोपनहेगनच्या बुर्मिस्टर अँड वेन कारखान्यातून ‘सेलांडिया’ ही बोट १२५० अश्वशक्तीची दोन इंजिनं घेऊन थेट बँकॉकला निघाली, ती हवेच्या इंजेक्शनवरच. दुसऱ्या वर्षी डिझेल इंग्लिश खाडीत ‘ड्रेसडेन’ बोटीवरून नाहीसे झाले. त्यांच्या नावाचं इंजिन ट्रकमध्ये रुळलेलं त्यांनी पाहिलं नाही.

इथे कोणीतरी हर्बर्ट ॲक्रॉइड स्ट्युअर्टचं नाव काढणारच, म्हणून मीच काढतो. त्यांचं पेटंट १८९० चं, ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्याने १८९२ पासून ती इंजिनं विकली, आणि त्यांत हवेचा कंप्रेसर नव्हता, पंपच तेल मारायचा. मग खरा जनक कोण, यावर इंग्रज आणि जर्मन शंभर वर्षं भांडले. माझं मत असं की भांडण चुकीच्या प्रश्नावर आहे. ॲक्रॉइडचा पंप तेल मारायचा तो हवा आत ओढली जात असताना, ब्लो-लॅम्पने आधी तापवून घेतलेल्या कोठडीत. समोर दाब जवळजवळ नाही, फोडायचं काम गरम भिंत करते, वेळेचीही फारशी सक्ती नाही. पंपाला अवघड परीक्षा दिलीच नव्हती, मग तो पास झाला यात नवल काय?

अवघड परीक्षा दिली ती पाणबुडीने. बंद लोखंडी पोटात उच्च दाबाचा कंप्रेसर कोणाला हवा असणार? बॅरो-इन-फर्नेसच्या व्हिकर्स कारखान्यात जेम्स मॅकेक्नी यांनी १९१० साली हवेशिवायच्या इंजेक्शनचं पेटंट घेतलं. व्हिकर्सच्या पद्धतीत पंप तेलाला चौरस इंचाला काही हजार पौंडांच्या दाबावर एका सामाईक नळीत कोंबून ठेवतो. सिलिंडरच्या डोक्यावरची सुई यंत्राने उचलली जाते, आणि ती किती वेळ उघडी राहिली यावर माप ठरतं. पंपाकडे फक्त दाब. वेळ आणि मोजणं दोन्ही सुईकडे. ब्रिटिश नौदलाच्या ‘ई’ वर्गातल्या पाणबुड्यांमध्ये हवेशिवायच्या इंजेक्शनची ८०० अश्वशक्तीची आठ सिलिंडरची इंजिनं जोडीने बसली. तरुण मित्रांनो, तुम्ही ज्याला नवं म्हणता ते कॉमन रेल म्हणजे ही सामाईक नळीच.

त्याच सुमारास मानहाइमला बेंझ कंपनीत प्रॉस्पर लोरांज नावाचा, बैरूतमध्ये जन्मलेला अभियंता वेगळ्या वाटेने चालला होता. त्याचं १९०९ चं पेटंट मला या सगळ्या काळातलं सर्वांत हुशारीचं वाटतं. मुख्य जागेआधी त्याने एक छोटी कोठडी ठेवली आणि तेल तिच्यात मारलं. थोडं तेल तिथेच पेटतं, दाब चढतो, आणि उरलेलं तेल अरुंद तोंडातून मुख्य सिलिंडरमध्ये जोरात फेकलं जातं. फोडायचं काम त्याने ज्वालेकडूनच करून घेतलं. पंपाला आता अफाट दाब नको, नोझलची भोकं केसासारखी बारीक नकोत. १९१९ साली त्याने सुईची नोझल आणली, आणि पुढे बदलतं माप देणारा पंपही.

१९२३-२४ ही दोन वर्षं म्हणजे या वादाची शेवटची सुनावणी. बेंझचा ट्रक आला तो कोठडी घेऊन, ५० अश्वशक्तीचा. डाइमलरचा ट्रक आला तो अजून हवेचा कंप्रेसर वागवत. आणि १९२४ च्या अखेरीस एमएएनने बर्लिनच्या प्रदर्शनात थेट सिलिंडरमध्ये तेल मारणारं इंजिन ट्रकवर मांडलं. १९२६ साली बेंझ आणि डाइमलर एक झाले आणि त्या घरातून कंप्रेसर गेला. हवा हरली ती वजनावर. फवाऱ्याच्या गुणावर ती हरली, असं निदान मी तरी म्हणणार नाही.

मात्र प्रत्येक कारखाना आपापला पंप आपापल्या परीने घडवत होता, आणि तिथे श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी हात घातला. त्यांचा धंदा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लगचा. ज्या इंजिनाला ठिणगीच लागत नाही ते वाढलं तर आपलं काय, हा व्यापारी प्रश्न त्यांच्यापुढे उघड होता. १९२२ च्या अखेरीस त्यांनी पंप करायचं ठरवलं, १९२५ च्या मध्यापर्यंत रचना पक्की झाली, आणि १९२७ साली पंप मालिकेने बाहेर पडू लागला.

तो पंप तुम्ही हजारदा खोललाय, तरी एकदा परक्यासारखा बघा. कॅम प्लंजरला प्रत्येक वेळी तेवढाच उचलतो. स्ट्रोक कधी बदलत नाही. प्लंजरच्या डोक्याने बॅरलचं भोक झाकलं की दाब सुरू. प्लंजरच्या अंगावरची तिरकी कड भोकापाशी आली की दाब सुटला, बाकीचं तेल माघारी. रॅक सरकवला की प्लंजर स्वतःभोवती किंचित वळतो आणि कड भोकाला लवकर किंवा उशिरा गाठते. सुरुवात ठरलेली, शेवट हलता. वेळ आणि मोजमाप, दोन्ही एका प्लंजरवर. वर डिलिव्हरी व्हॉल्व्ह पाइपमधला दाब झटकन उतरवतो, म्हणून नोझल शेवटी लाळ गाळत नाही. आणि हे सगळं उभं कशावर आहे? रबर नाही, रिंग नाही. दोन-तीन मायक्रॉनची फट आणि तिच्यातलं तेल. म्हणून एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात जात नाही, एलिमेंट बदलायचा तर जोडीने. ही फट एकदा साधणारे कारागीर आधीही होते. हजारो पंपांत, रोज, तीच फट साधणं मॅग्नेटोच्या कारखान्यात शिकलेल्या हातांना जमलं. माझ्या मते तीस वर्षांचं उत्तर एवढंच आहे: सिद्धांत तयार होता, लॅपिंग तयार नव्हतं.

१९३६ साली मर्सिडीझ-बेंझची २६० डी मोटार आली, लोरांजच्या पद्धतीची कोठडी आणि बॉशचा पंप घेऊन. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्याने आणि १९४६ पासून खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने इंजिन शेतापर्यंत नेलं. १९५१ साली बंगळुरात बॉशच्या सहकार्याने मायको ही कंपनी उभी राहिली आणि नंतर नाशिकला सातपुरात नोझलचा कारखाना आला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण पुढचं तुम्हीच केलंय. इंजिन जिथे पोहोचलं तिथे बसस्टँडच्या मागे एक टेस्ट बेंच पोहोचला.

आता तो एकाच अडचणीचा पाढा. १९९० च्या दशकात व्हिकर्सची सामाईक नळी परत आली. सुई उचलायला यंत्राऐवजी वीज आली, आणि मोजायचं काम तिरक्या कडेवरून निघून संगणकात गेलं. याला माझा विरोध नाही. हा फवारा जुन्यापेक्षा चांगला आहे, धूर कमी आहे. तक्रार वेगळी आहे. जुन्या पंपाचा टेस्ट प्लॅन छापील मिळायचा: किती फेऱ्यांना, रॅक किती असताना, किती घनसेंटिमीटर. तो आपण भिंतीला चिकटवायचो. आज इंजेक्टर दुरुस्त करून बेंचवर बरोबर आणला, तरी त्याच्या मापाचा कोड गाडीच्या संगणकात भरायची किल्ली आपल्याकडे नसते, आणि कित्येक इंजेक्टरांचा टेस्ट प्लॅन मागूनही मिळत नाही. मोजणाऱ्यालाच माप दाखवायचं नाही, ही व्यवस्था आउग्सबुर्गपासून आजवर कोणी चालवली नव्हती.

दुपारी अडीच वाजता ठराव मांडायचा आहे: विकलेल्या प्रत्येक इंजेक्टरचा आणि पंपाचा टेस्ट प्लॅन वाजवी किमतीत कोणत्याही नोंदणीकृत दुरुस्ती केंद्राला मिळावा, आणि कोड भरण्याची सोयही त्याच अटीवर मिळावी. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक मला पुण्या-मुंबईचा नको, तालुक्याच्या गावाचा हवा. तिथूनच गाडी शंभर किलोमीटर ओढत आणावी लागते. मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. जेवणाआधी वाचा, आणि दुरुस्त्या असतील तर पेन्सिलने समासात लिहा.