दवाखान्यातून कचेरीकडे

(नभोवाणीवरील भाषण)



आमच्या वडोदऱ्यात ‘कोचिंग’ हा शब्द उच्चारला, की आईबापांच्या डोळ्यांपुढे दहावी-बारावीच्या शिकवण्यांचे फलक उभे राहतात. गेल्या नाताळात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली आणि म्हणाली, “सर, मी रुग्णालयातली नोकरी सोडली. आता कोचिंग करते.” तेव्हा मलाही क्षणभर वाटले, की चला, ही आपल्याच पंथाला लागली! तिने हसून खुलासा केला. तिचे विद्यार्थी म्हणजे कारखान्यांचे व्यवस्थापक आणि कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी. हाताखालच्या माणसांशी कसे वागावे, रागाला आवर कसा घालावा, नव्या जबाबदारीचे ओझे कसे पेलावे, यांविषयी त्यांच्याशी एकांतात बोलणे आणि त्यांची वाट त्यांनाच शोधावयास लावणे, हे तिचे काम. या व्यवसायाला एक्झिक्युटिव्ह कोचिंग म्हणतात. १९०७ सालचे अलेम्बिक आणि १९६५ पासूनचा कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना ज्या शहराच्या अंगाखांद्यावर आहेत, तेथे अशा कामाला तोटा नसावा.

चहा झाला. निघताना ती उंबरठ्यावर थांबली. “सर, बारा वर्षे मी मनोरुग्णांबरोबर काढली. आता धडधाकट, भरपूर पगार घेणाऱ्या माणसांकडे जाते. आजाऱ्याला सोडून सुखवस्तूकडे गेले, असे तर माझे झाले नाही ना?”

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. मी शाळामास्तर, मानसशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु प्रश्न मनात घर करून राहिला. त्याचा शोध घेताना जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

मानसशास्त्राचा पहिला दवाखाना १८९६ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, लायटनर विट्मर यांनी काढला. तेथे आलेला पहिला रुग्ण कोणी भ्रमिष्ट नव्हता. तो होता चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा, आणि त्याची तक्रार एवढीच, की त्याला स्पेलिंग जमत नसे! त्याला तेथे घेऊन आली होती एक शिक्षिका. तपासणीत त्याच्या दृष्टीत दोष आढळला. त्याला चष्मा मिळाला आणि मग शिकवणे सुरू झाले. ही हकीकत वाचून शिक्षक म्हणून मला मोठा आनंद झाला. जो अडला आहे त्याची नीट पाहणी करावी आणि त्याला पुढे चालते करावे, हाच या शास्त्राचा आरंभापासूनचा धर्म दिसतो. अडलेला माणूस खाटेवर आहे की खुर्चीवर, हा प्रश्न पुढचा.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक क्लिनिक निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच वर्तुळातील मंडळींनी १९४७ मध्ये टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट ही निराळी संस्था काढली आणि कारखान्यांतील माणसामाणसांच्या संबंधांकडे लक्ष वळवले. त्या संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आले. गिरणीने नवे स्वयंचलित माग बसवले होते. तरी काम अपेक्षेप्रमाणे उतरत नव्हते. २२४ माग, २९ कामगार आणि त्यांची बारा प्रकारची कामे! कोणी कोणाबरोबर काम करावयाचे आणि कोणाला जबाबदार धरावयाचे, याचा मेळच बसत नव्हता. राइस यांनी कोणा एकाला आळशी वा नालायक ठरवले नाही. त्यांनी कामाची मांडणी तपासली. पुढे लहान लहान तुकड्या करून प्रत्येकीकडे ठरावीक माग सोपवण्यात आले. काम सुधारले, बिघडलेल्या कापडाचे प्रमाण घटले. राइस यांनी हा सारा वृत्तांत १९५८ च्या आपल्या ग्रंथात मांडला आहे.

उलट दिशेचा प्रवासही अहमदाबादेनेच पाहिला. २०२४ मध्ये दिवंगत झालेले सुधीर कक्कर मुळात यंत्रशास्त्राचे पदवीधर; पुढे त्यांनी अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. अहमदाबादेत एरिक एरिकसन यांचा सहवास लाभला आणि ते मनोविश्लेषणाकडे वळले. म्हणजे या रस्त्याने माणसे दोन्ही बाजूंनी जातात.

परंतु वाट जोडलेली असली, तरी दोन्ही टोकांचे नियम एक नव्हेत. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यान्वये क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आपले नाव परिषदेच्या नोंदवहीत घालावे लागते. अधिकाऱ्यांचा कोच होण्यास असा परवाना लागत नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन शिक्षण व परीक्षेबरोबर प्रत्यक्ष कामाचे किमान १००, ५०० व २,५०० तास पाहून तीन पायऱ्यांची प्रमाणपत्रे देते. परंतु ती घेणे ऐच्छिक आहे. पाटी लावावयास कोणीही मोकळा. अशा वेळी रुग्णालयात वर्षे काढलेल्या माणसाची किंमत कळते. एखादा व्यवस्थापक महिनोन्महिने झोपत नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलतो. त्याला ‘हिंमत धरा, उद्दिष्ट गाठा’ असा उपदेश करणे म्हणजे पाय मोडलेल्याला पळावयास सांगणे होय. माझी विद्यार्थिनी ते लक्षण ओळखते. अशा माणसावर ती स्वतः उपचार करीत नाही. कोच आणि चिकित्सक या दोन भूमिका एकाच माणसाच्या बाबतीत तिने घेऊ नयेत. ती त्याला समजावून डॉक्टरांकडे पाठवते.

खरी कसोटी मात्र याहून कठीण आहे. दवाखान्यात दोघे असतात, कोचिंगमध्ये तिघे. मन उघडे करतो अधिकारी, आणि पैसे देते कंपनी. मग हा मानसतज्ज्ञ कोणाचा? तिनेच सांगितलेली गोष्ट. एका कंपनीत सहा बैठका झाल्यावर मालकांनी तिला बोलावून विचारले, “हा गृहस्थ आमच्याकडे टिकणार ना? तुमच्यापाशी काय काय बोलतो?” ती म्हणाली, “साहेब, काय साधावयाचे, ते आपण तिघांनी मिळून पहिल्याच दिवशी लिहून ठेवले आहे. तेवढे साधले की नाही, हे ते स्वतः आपल्याला सांगतील. बाकीचे आम्हा दोघांतले.” त्यानंतर त्या कंपनीने तिला पुन्हा बोलावले नाही. पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू ते कोणापाशीही उघड करीत नाही, हे आम्हा कॅथलिकांना लहानपणीच कळते. तिच्या व्यवसायाचे बंधन निराळ्या जातीचे आहे, त्याला अपवादही आहेत. कोणाच्या जिवाला धोका असेल तर मौन सोडावेच लागते. पण मालकाचे कुतूहल हा अपवाद नव्हे.

हे ऐकले तेव्हाच खरे तर मला उत्तर मिळावयास हवे होते. ते सुचले उशिरा, म्हणून पत्राने कळवले. मी लिहिले: “तू काय सोडलेस, यापेक्षा बरोबर काय घेऊन गेलीस, हे मी पाहतो. दवाखान्यात शिकलेले ऐकणे, ओळखणे आणि मौन पाळणे तुझ्यापाशी आहे, तोवर तुझी वाट चुकलेली नाही. एका व्यवस्थापकाचा राग निवळला, तर त्याच्या हाताखालची शंभर माणसे सुखाने घरी जातात. मात्र रुग्णालयातली तुझी खुर्ची रिकामी पडली, हेही खरे. तेथे तुझी वाट पाहणाऱ्यांना दुसरीकडे जाण्यास पैसे नसतात. त्याचे उत्तर तुलाच शोधावयाचे आहे.”

आठ दिवसांनी तिचे उत्तर आले. दर शनिवारी सकाळी ती पुन्हा बाह्यरुग्ण विभागात बसू लागली आहे.