परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती

हवेतला कार्बन शोषून घेणारं जंगल टिकलं पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण त्या जंगलाच्या काठावर राहणाऱ्या माणसाच्या हाती काय पडतं?

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटंसं गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यानं बांबू गौण वनोपज ठरवला होता, म्हणजे विकण्याचा अधिकार गावाचा. तरी वाहतूक परवाना मात्र वन विभागाच्या हाती. मग बांबू गावाबाहेर न्यायचा कसा? अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं.

बांबूचं बेट नीट राखलं, फक्त पक्के बांबू तोडले, तर नवे कोंब येत राहतात. विक्रीचा पैसा गावाचा झाला की ते राखणंही गावाचं होतं. केवळ बंदी घालून हे साधत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

तुमचंही गाव जंगलालगत असेल, तर सामूहिक वनहक्काचा दावा झाला आहे का, हे ग्रामसभेत जरूर विचारा. दावा ग्रामसभेच्या ठरावानं उपविभागीय समितीकडे जातो. अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते.